गनरचं घराणं कसं शोधायचं?

प्रश्न : पहिल्या महायुद्धात ब्रिटिश तोफखान्यात असलेल्या एका गनरचं मेडल मिळालंय, कडेवर नाव नि नंबर आहे, पण त्याचे आईवडील कोण हे कसं शोधू?

उत्तर : नुसत्या नंबरवर विसंबू नका हो, टेरिटोरियल (म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवकांच्या) तोफखान्यातल्यांना १९१७ मध्ये नवे सहा आकडी नंबर दिले, त्यामुळे एकाच माणसाचे दोन नंबर निघतात. भरतीच्या कागदांत जवळच्या नातेवाइकाचं नाव-पत्ता असतो, खरं घबाड तेच, पण १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यातले निम्म्याहून जास्त जळाले, उरलेले लंडनमधल्या क्यू भागातल्या नॅशनल अर्काइव्हजकडे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दफ्तरखान्यात आहेत. नाहीच मिळाले तर १९११ ची जनगणना बघा, अख्खं घर एका पानावर सापडतं. युद्धात मारला गेला असेल तर वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (युद्धात मेलेल्या सैनिकांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) नोंदीत कधीकधी आईवडिलांची नावंही असतात.