वाचकांचे प्रश्न : मेळघाटातला रस्ता नेमका अडतो कुठे?

या महिन्यात दळणवळणाविषयी आलेली बहुतेक पत्रे चिखलदरा आणि धारणी या दोन तालुक्यांतून, तसेच त्यांच्या पायथ्याच्या अचलपूर-अकोट पट्ट्यातून आली आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापण्याचा या सदराचा प्रघात नाही.

प्रश्न : आमच्या लहानपणी धूळघाटावरून खंडव्याला जाणारी छोटी गाडी होती. अकोल्यापासून अकोटपर्यंत ब्रॉडगेज झाले, पुढचे काम मात्र अडले आणि आता मार्गच बुलडाणा जिल्ह्यातून वळवणार असे ऐकतो. जुन्याच रुळांच्या जागी मोठे रूळ टाकले तर जंगलाचे काय बिघडते? वाघासाठी आमचे स्टेशन का जावे? (धारणी तालुका)

उत्तर : ‘जुन्याच जागी मोठे रूळ’ ही कल्पना ऐकायला सोपी वाटते, घाटात ती तशी उतरत नाही. मीटरगेजची रुंदी 1,000 मिलिमीटर आणि ब्रॉडगेजची 1,676 मिलिमीटर, एवढाच फरक असता तर वाद उरलाच नसता. खरा फरक वळणाचा आहे. मीटरगेजची गाडी 109 मीटर त्रिज्येच्या वळणावरून जाऊ शकते, तर ब्रॉडगेजला निदान 175 मीटर त्रिज्या लागते. आपण त्या गाडीने प्रवास केला असेल तर धूळघाटाजवळची चक्री आपल्याला आठवत असेल : तिथे रूळ डोंगराला पूर्ण वळसा घालून आपल्याच खालच्या रुळावरून पुढे जात आणि एवढ्या खटाटोपाने गाडी उंची गाठत असे. अशी आवळलेली वळणे ब्रॉडगेजला चालत नाहीत. त्यामुळे नवा मार्ग जुन्या मार्गाच्या आसपास, पण नव्याने डोंगर कापून, बोगदे खणून आणि दऱ्यांवर पूल बांधूनच न्यावा लागला असता. सुरुंग, मुरमाचे ढिगारे, खडीची वाहतूक आणि मजुरांच्या छावण्या यांसह ही कामे व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत चाळीस किलोमीटरच्या आसपास लांबीत वर्षानुवर्षे चालली असती.

पुढचा मुद्दा गाड्यांचा. जुनी गाडी सावकाश जाणारी होती आणि फेऱ्याही मोजक्या होत्या. ब्रॉडगेज झाल्यावर हा उत्तर-दक्षिण जोडणारा मार्ग ठरतो आणि त्यावर रात्रंदिवस मालगाड्या धावणार हे उघड आहे. मेळघाट हा 1973-74 मध्ये जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे आणि त्याच्या गाभ्यातून बोरी, कोहा, कुंड यांसारखी गावे उठवून बाहेर वसवली गेली आहेत. वन्यजीवांना निवांतपणा मिळावा म्हणून माणसांना घरेदारे सोडायला लावायची आणि नंतर त्याच रानातून मालगाड्या सोडायच्या, हे उठलेल्या गावकऱ्यांना कोणत्या तोंडाने सांगायचे? काही वाचकांनी पेंचचे उदाहरण दिले आहे. नागपूर-जबलपूर महामार्गावर पेंचच्या जंगलात प्राण्यांना जाण्यासाठी नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून वाट ठेवली आहे, त्यातली सर्वांत लांब वाट 750 मीटरची आहे आणि वाघांसह अनेक प्राणी त्या वापरतात, हे खरेच आहे. पण तिथे महामार्ग आधीपासून होता आणि जमीन बरीचशी सपाट होती. उभा डोंगर कापलेल्या ठिकाणी असा तोडगा फार थोड्या जागी बसतो.

वळवलेला मार्ग हिवरखेडच्या पुढे सोनाळा, जामोद या बाजूने मध्य प्रदेशातील खकनारकडे नेण्याचा विचार आहे. त्याने अंतर सुमारे 30 किलोमीटरने वाढते. मात्र संग्रामपूर आणि जळगाव जामोद या आजवर रेल्वे न पाहिलेल्या तालुक्यांना ती मिळते. 2021 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून नेण्याची भूमिका केंद्राला कळवली होती. आमच्या मते ही भूमिका योग्य आहे.

तरीही आपली तक्रार खोटी ठरत नाही. अकोला-अकोट मीटरगेज 2017 च्या आरंभी बंद झाली आणि त्या टप्प्यावर ब्रॉडगेजची प्रवासी गाडी नोव्हेंबर 2022 मध्ये धावू लागली. अकोटकरांची सोय झाली, घाटावरची गावे मात्र गाडीविना राहिली. धारणी तालुक्याचा बाजारहाट आणि दवाखाना मोठ्या प्रमाणात बुऱ्हाणपूर-खंडव्याकडे आहे. तेव्हा मार्ग वळवताना त्याच आराखड्यात धारणीहून नव्या मार्गावरील सोयीच्या स्टेशनापर्यंत बारमाही रस्ता आणि गाडीच्या वेळेला जुळणारी बससेवा लिहून घ्यायला हवी होती. ही मागणी आजही करता येईल, आणि ‘आमचे स्टेशन परत द्या’ या मागणीपेक्षा ती पदरात पडण्याची शक्यता अधिक आहे.

प्रश्न : आमचे गाव डांबरी रस्त्यापासून तीनेक किलोमीटर आत आहे. मध्ये नाल्यावर रपटा, म्हणजे पाण्यालगतचा बुटका पूल आहे. पावसाळ्यात पूर आला की गाडी येत नाही. बाळंतिणीला खाटेवर उचलून पलीकडे न्यावे लागते आणि 108 ची रुग्णवाहिका पलीकडेच थांबते. पक्का रस्ता मागितला की ‘जंगलाची जमीन आहे, परवानगी मिळत नाही’ एवढेच उत्तर मिळते. ते खरे आहे का? (चिखलदरा तालुका)

उत्तर : अर्धे खरे आहे. वनजमिनीवरील कामाला परवानगी लागते. ती मिळतच नाही असे मात्र नाही.

वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये गावाच्या तेरा प्रकारच्या सोयींसाठी वनजमीन वळती करण्याची वेगळी आणि तुलनेने सोपी वाट दिली आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन, विजेच्या तारा यांबरोबर त्या यादीत रस्ताही आहे. अटी अशा की प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागावी, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे तुटू नयेत आणि ग्रामसभेने कामाची शिफारस केलेली असावी. सहा मीटर रुंदी धरली तर एका हेक्टरात दीड किलोमीटरपेक्षा थोडा जास्त रस्ता बसतो. आपल्या तीन किलोमीटरांपैकी वनजमीन नेमकी किती आणि महसुली किंवा खासगी किती, हे आधी मोजून घ्या. बहुतेक ठिकाणी सगळी वाट जंगलातून जात नाही. अडचण मधल्या एखाद्या तुकड्यापुरती असते. प्रस्ताव काम करणाऱ्या विभागाने ग्रामसभेच्या ठरावासह वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो आणि निर्णय उपवनसंरक्षकांच्या पातळीवर होतो. त्यांचे मत प्रतिकूल असेल तर प्रकरण जिल्हास्तरीय समितीपुढे जाते. म्हणजे ‘दिल्लीहून परवानगी यावी लागते’ हे उत्तर अशा लहान कामाला लागू पडत नाही.

इथे एक मोठा अपवाद आहे आणि मेळघाटात तो वारंवार आडवा येतो. कलम 3(2) ने वन संवर्धन कायद्याची अट शिथिल होते, वन्यजीव संरक्षण कायद्याची होत नाही. आपले गाव अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात असेल तर वन्यजीव मंडळाची वेगळी प्रक्रिया करावी लागते आणि ती लांबते. गाव प्रादेशिक वनात आहे की अभयारण्यात, हे उपवनसंरक्षक कार्यालयातून लेखी मागून घ्या, कारण तोंडी उत्तरात या दोन्हींची सर्रास सरमिसळ होते. रस्ता 25 ऑक्टोबर 1980 पूर्वीपासून वापरात असल्याचा पुरावा, उदाहरणार्थ जुना गावनकाशा, मिळाला तर तोही जोडा. रुंदी न वाढवता आणि झाड न तोडता होणारी जुन्या रस्त्याची दुरुस्ती नव्या रस्त्याइतकी कठीण नसते.

आता रपट्याविषयी, कारण आपल्या पत्रातला खरा अडथळा तोच आहे. तीन किलोमीटर कच्च्या रस्त्यावरून रुग्णवाहिका हळूहळू का होईना येऊ शकते. कमरेएवढ्या पाण्यातून ती येऊ शकत नाही. रपट्याखाली बहुधा सिमेंटचे अरुंद पाइप घातलेले असतात. सातपुड्यातला नाला पहिल्या मोठ्या पावसात पाण्याबरोबर फांद्या, पालापाचोळा आणि धोंडे घेऊन उतरतो. ते पाइपाच्या तोंडाशी अडकतात, पाणी फुगून रपट्यावरून वाहू लागते आणि खालच्या अंगाला पडताना तिथली माती खणून काढते. दोन-तीन पावसाळ्यांत रपट्याचे टोक लोंबकळू लागते. त्यावर नव्याने डांबर ओतणे म्हणजे पैसे नाल्यात टाकणे होय. अशा ठिकाणी पाइप काढून रुंद तोंडाची बॉक्स मोरी घालावी लागते, खालच्या अंगाला दगडी किंवा काँक्रीटचे फरसबंद तळ आणि तळाखाली खोल आडवी भिंत द्यावी लागते आणि दोन्ही बाजूंचे चढ उचलावे लागतात. ग्रामसभेच्या ठरावात ‘पक्का रस्ता व्हावा’ असे मोघम न लिहिता ‘अमुक नाल्यावर बॉक्स मोरी व्हावी’ असे पहिल्या क्रमांकाने लिहा. मोरीला जमीन थोडी लागते, झाडे क्वचितच तुटतात आणि परवानगीचा प्रश्न आपोआप लहान होतो. आमच्या मते मेळघाटाच्या आराखड्यात किलोमीटर मोजण्याआधी असे नाले मोजायला हवेत.

निधीसाठी प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा चौथा टप्पा पाहा. तो 2024-25 ते 2028-29 या काळासाठी असून सपाट भागात 500 लोकवस्तीची अट आहे. चिखलदरा आणि धारणी हे दोन्ही तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत, म्हणजे आदिवासी क्षेत्रात येतात, त्यामुळे तिथे 250 ची अट लागू होते आणि 2011 ची जनगणना धरली जाते. आपल्याकडची गावे ढाण्याढाण्यांत, म्हणजे लहान पाड्यांत विखुरलेली असल्याने एकेक वस्ती या आकड्यात बसत नाही. तथापि या योजनेच्या मूळ मार्गदर्शक सूचनांनुसार पाचशे मीटरच्या आतल्या वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते, आणि सर्वेक्षणाच्या वेळी हे आवर्जून दाखवून द्यायला हवे.

प्रश्न : गावचा रस्ता ग्रामसडक योजनेतून झाला आणि तिसऱ्याच वर्षी उखडला. पंचायत समिती म्हणते बांधकाम विभागाकडे जा, बांधकाम विभाग म्हणतो जिल्हा परिषदेकडे जा. (धारणी तालुका)

उत्तर : रस्त्याच्या सुरुवातीला उभा असलेला फलक वाचा, किंबहुना त्याचा फोटोच काढून ठेवा. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची पहिली पाच वर्षांची देखभाल त्याच कंत्राटदाराच्या करारात असते आणि काम पूर्ण झाल्याची तारीख फलकावर असते. तिसऱ्या वर्षी उखडलेला रस्ता नव्या निधीची वाट पाहत नाही. करारानुसार तो दुरुस्त करून घ्यायचा असतो. ‘मेरी सडक’ या ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. इतर रस्त्यांसाठी ढोबळ नियम असा की राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे असतात. तक्रारीत रस्त्याचा क्रमांक लिहिला की टोलवाटोलवीला फारशी जागा राहत नाही.

घाटरस्ता उखडण्याचे कारण डांबरापेक्षा पाण्यात असते, हेही लक्षात घ्या. डोंगराकडच्या कडेचे गटार दगड-मातीने बुजले की पाणी रस्त्यावरून आडवे वाहते आणि दरीकडची साइडपट्टी घेऊन जाते. मे महिन्यात गटारे आणि मोऱ्या मोकळ्या झाल्या की नाही, हे गावकऱ्यांनी स्वतः पाहावे.

प्रश्न : चिखलदऱ्याच्या काचेच्या स्कायवॉकने मेळघाटाचा विकास होईल का? (परतवाडा)

उत्तर : चिखलदऱ्यातील हॉटेल, टॅक्सी आणि टपरीवाल्यांचा धंदा वाढेल, यात शंका नाही. 407 मीटर लांबीचा हा झुलता मार्ग पाहायला लोक येतील. पण ते येतील त्याच घाटरस्त्याने, ज्यावर पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी आताच गाड्यांची रांग लागते. शिवाय उन्हाळ्यात या गावाला पिण्याच्या पाण्याची ओढ असते. वाहनतळ, पायथ्यापासून वर नेणारी बससेवा आणि पाणी यांची तरतूद आधी, आकर्षण नंतर, असा क्रम असता तर आम्ही मनापासून टाळी वाजवली असती. आतल्या कोरकू गावांच्या दळणवळणाशी या कामाचा संबंध जवळजवळ नाही.

प्रश्न : शकुंतला ब्रॉडगेज झाली तर मेळघाटाला उपयोग होईल का? (अचलपूर)

उत्तर : होईल, पण पायथ्यापुरता. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही 762 मिलिमीटर रुंदीची सुमारे 190 किलोमीटरची लाईन कापसासाठी घातली गेली, ती डोंगर चढत नाही. अचलपूरपर्यंत मोठी गाडी आली तर संत्र्याच्या बागायतदारांना आणि परतवाड्याच्या बाजारपेठेला लाभ होईल आणि घाटावरून उतरणाऱ्या प्रवाशाला बडनेरा गाठावे लागणार नाही.

प्रश्न : एसटीत बायकांना अर्धे तिकीट, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत प्रवास. आमच्या गावात बसच येत नाही, मग सवलत घ्यायची कुठे? (चिखलदरा तालुका)

उत्तर : आपला टोमणा रास्त आहे. ऑगस्ट 2022 मधील ज्येष्ठांची सवलत काय किंवा मार्च 2023 मधील महिलांची काय, बस असलेल्या गावांनाच ती भोगता येते; बाकीचे काळीपिवळीत पूर्ण पैसे मोजतात. बस सुरू करण्यापूर्वी महामंडळ वळणे, चढ, मोऱ्यांची स्थिती आणि गावात बस वळवायला जागा आहे की नाही, हे पाहते. अनेक अर्ज शेवटच्या मुद्द्यावरच अडतात. तेव्हा ग्रामपंचायतीने गावठाणालगत बस वळेल एवढी जागा ठरवून, ती मुरूम टाकून सपाट करावी आणि तसा ठराव आगार व्यवस्थापकांना देऊन त्याची प्रत विभाग नियंत्रकांना पाठवावी. शाळकरी मुलांची संख्या आणि आठवडी बाजाराचा वार त्यात लिहा. रोजच्या फेरीपेक्षा बाजाराच्या दिवशीची एक फेरी आधी मागितली तर ती मिळणे सोपे जाते, आणि तिचे उत्पन्न दिसल्यावर पुढची मागणी करता येते. रपट्यामुळे पावसाळ्यात बस नाल्याअलीकडे थांबणार असेल तर तेही ठरावात स्पष्ट लिहून जून ते सप्टेंबरसाठी तेवढ्यापुरता थांबा मागा.