घरी वायफाय नाही. बालभारतीच्या पुस्तकातल्या क्यूआर कोडचे व्हिडिओ मुलीला इंटरनेटशिवाय पाहता येतील का?

हो, पण एकदा नेट असताना ते दीक्षा या सरकारी शिक्षण ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवावे लागतात. ॲपमध्ये महाराष्ट्र राज्य मंडळ, माध्यम आणि इयत्ता निवडा. मग कोड ॲपमधल्याच स्कॅनरने स्कॅन करा. फोनच्या नुसत्या कॅमेऱ्याने केल्यास दुवा बऱ्याचदा ब्राउझरमध्ये उघडतो आणि व्हिडिओ ॲपमध्ये साठत नाही. इथेच बहुतेक पालक अडकतात. धडा उघडून डाउनलोडचे बटण दाबा, नंतर मोबाईल डेटा बंद करून तो खरोखर चालतो का ते लगेच तपासा. फोनमध्ये जागा कमी असेल तर डाउनलोड अर्धवट राहते, म्हणून पाहून झालेले धडे काढत चला. मात्र यूट्यूबवरून जोडलेले व्हिडिओ असे साठवता येत नाहीत, त्यांना नेट लागतेच.