लातूरच्या पाणीटंचाईवर इंटरॲक्टिव्ह वेब माहितीपट करायचाय, कोडिंग येत नाही. सुरुवात कुठून करू?

कागद आणि ट्वाइन हे वाटा फुटणाऱ्या गोष्टी रचायचं मोफत साधन, एवढ्यावर सुरुवात करा. कोडिंग नंतर शिकलात तरी चालेल. नेहमीच्या माहितीपटात क्रम दिग्दर्शक ठरवतो, इथे तो प्रेक्षकाच्या हातात असतो. त्यामुळे खरी मेहनत चित्रीकरणाइतकीच वाटा आखण्यात आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तोच प्रसंग मध्यभागी घ्या. तिथून तीन वाटा काढा, जास्त नकोत:

- टँकरची वाट बघणारी बाई
- ऊस लावणारा शेतकरी
- आटलेलं मांजरा धरण

प्रत्येक प्रसंग वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठ्या जमिनीवर मांडा आणि कुठून कुठे जाता येईल ते बाणांनी दाखवा. प्रेक्षक कोणत्याही वाटेने आला तरी चिठ्ठी त्याला समजली पाहिजे. नवख्यांचं घोडं इथेच पेंड खातं. घरातल्या कुणाला तरी बसवून वाट निवडायला सांगा, अडखळण्याच्या जागा लगेच दिसतात. मग हीच मांडणी ट्वाइनमध्ये उतरवा. शेवटी ब्राउझरमध्ये उघडणारी साधी एचटीएमएल फाइल हाती येते, आणि हे मोलाचं आहे: २०२० अखेर फ्लॅश हे ब्राउझरमधलं जुनं तंत्र बंद झाल्यावर त्यावर बेतलेले कितीतरी वेब माहितीपट उघडेनासे झाले. मर्यादा एकच, ट्वाइन मुळात मजकुरासाठी आहे. व्हिडिओ आणि आवाज जोडायला थोडं एचटीएमएल, म्हणजे वेबपानं लिहायची भाषा, शिकावं लागेल, आणि क्लिप छोट्या ठेवा, कारण बघणारे बहुतेक मोबाइलवरच बघतील.