पांढरी विमानं, पंख्याची विमानं आणि दोन मिनिटांची फ्लाइट: तुमचे प्रश्न, माझी मतं

बरेच प्रश्न साठलेत, आज जमतील तेवढे उरकतो. आधीच सांगतो, मी पायलटही नाही आणि इंजिनिअरही नाही, खिडकीची सीट मिळाली की दिवसभर खूश असणारा माणूस आहे, त्यामुळे मतं माझी स्वतःची आहेत, पटली तर घ्या नाहीतर भांडा.

प्रश्न: हल्ली सगळी विमानं पांढरीफटक, फक्त शेपटीवर काय तो रंग. एअरलाइनवाल्यांना रंगाचं वावडं आहे का?

वावडं रंगाचं नाही हो, खर्चाचं. बरीचशी विमानं एअरलाइनच्या मालकीची नसतातच, भाड्याने घेतलेली असतात, करार संपला की विमान दुसऱ्याच्या दारात, मग पांढऱ्या अंगावर नाव बदललं आणि शेपूट रंगवली की झालं काम. शिवाय पांढरा रंग उन्हात कमी तापतो, विटला तरी पटकन कळत नाही, आणि तेल गळलं किंवा कुठे पोचा आला तर लगेच नजरेत भरतं. एअर फ्रान्सने १९७६ मध्ये हा पांढरा अवतार घेतला आणि मग बघता बघता सगळेच त्या वाटेला लागले.

रंग म्हणजे वजन, हेही विसरू नका. मोठ्या विमानावर रंगाचंच काहीशे किलो होतं. अमेरिकन एअरलाइन्स कित्येक वर्षं विमानाचं अंग न रंगवता नुसतं पॉलिश करून चकाचक ठेवायची, पण बोइंगच्या ७८७ विमानाचं अंग कार्बन फायबरचं, त्याला पॉलिश काय करणार कपाळ, म्हणून २०१३ मध्ये चंदेरी रंग लावायची वेळ आली. आणि रंगवणं म्हणजे नुसतं ब्रश फिरवणं नाही, शेपटीतला हलणारा भाग, रडर, रंगवल्यावर त्याचा तोल परत तपासावा लागतो कारण थोड्याशा जादा वजनानेही तो थरथरायला लागू शकतो. नाकाडावर धातूचा अंश असलेला रंग चालत नाही, आत रडार असतं.

गडद रंग किती महागात पडतो त्याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे १९९६ चं पेप्सीचं निळं काँकॉर्ड. निळा रंग जास्त तापतो म्हणून मॅक २ च्या, म्हणजे आवाजाच्या दुप्पट वेगाने एका वेळी फक्त २० मिनिटं उडायची परवानगी, आणि पंख पांढरेच ठेवलेले, कारण इंधन पंखात. म्हणजे जगातलं सगळ्यात वेगवान प्रवासी विमान जाहिरातीसाठी हळू चालवायचं. दिसत मात्र झकास होतं, ते नाकारत नाही.

एक गंमत सांगतो. जिन्याने विमानात चढत असाल तर दारापाशी एक सेकंद थांबा आणि अंगाला लागून शेपटीच्या दिशेने तिरकं बघा. ऊन तिरपं असेल तर कधीकधी पांढऱ्या रंगाखाली जुन्या कंपनीच्या नावाच्या अक्षरांच्या कडा उठून दिसतात, जुन्या भिंतीवर आधीची पाटी दिसते तशा. मला असं दोनदा दिसलंय, आणि दोन्ही वेळा मागच्या माणसाने ढकललंय.

प्रश्न: तुमची सगळ्यात आवडती आणि सगळ्यात नावडती लिव्हरी, म्हणजे विमानाची रंगसजावट, कोणती?

आवडती नेदरलँड्सच्या केएलएमची, डोळे झाकून. १९१९ पासून तेच नाव, आणि तो आकाशी निळा इतका त्यांचा झालाय की धुक्यात अर्धं विमान दिसलं तरी ओळखू येतं. लिव्हरीची माझी परीक्षा एवढीच आहे, नाव झाकलं तर लांबून ओळखता येतं का. एअर न्यूझीलंडचं काळं विमान पास, बाकी अर्धं जग नापास.

नावडती म्हणाल तर शिव्या खाईन, पण लुफ्तान्साने २०१८ मध्ये शेपटीवरचा पिवळा काढला ते मला अजून पचलेलं नाही. त्यांच्या चिन्हातला करकोचा तोच, १९१८ मध्ये काढलेला, पण त्याच्यामागचा पिवळा गोळा गेला आणि सगळं कसं ऑफिसच्या फाइलसारखं झालं. निळाही आधी इतका गडद निघाला की कॅमेऱ्यात काळाच दिसायचा, मग तो जरा उजळ केला.

धाडस करून तोंडावर पडणं पण होतं बरं का. ब्रिटिश एअरवेजने १९९७ मध्ये शेपट्यांवर जगभरातली चित्रं रंगवली आणि माजी पंतप्रधान थॅचरबाईंनी विमानाच्या मॉडेलच्या शेपटीवर सगळ्यांदेखत रुमाल टाकला. काही वर्षांत सगळा ताफा परत ब्रिटनच्या झेंड्यावर आला. मला त्यातली बरीच चित्रं आवडायची, पण एकाच कंपनीची दहा विमानं शेजारी उभी आहेत आणि दहा वेगळ्या कंपन्यांची वाटतायत म्हटल्यावर माझ्याच परीक्षेत ती नापास होतात, काय करणार.

प्रश्न: पहिल्यांदाच पंख्याच्या विमानाचं तिकीट आलंय, एटीआर ७२. घरचे म्हणतात रद्द कर. जुनाट आणि धोक्याचं असतं का हे?

मुळीच रद्द करू नका! पंखा दिसला की लोकांना विमान जुनं वाटतं, पण आत फिरतं ते टर्बाइन इंजिनच, फक्त ते मोठा पंखा फिरवतं. वेग ताशी साधारण ५०० किलोमीटर, जेटपेक्षा कमी, पण तासाभराच्या अंतरात जेटला पूर्ण वेगाने पळायला वेळच किती मिळतो, चढलं की उतरायचंच असतं. त्यामुळे फरक दहापंधरा मिनिटांचा पडतो आणि इंधन बरंच वाचतं.

आता नीट लक्ष देऊन बघायची गोष्ट. या विमानात चढायचं दार मागे डाव्या बाजूला, सामान पुढून जातं. चढताना पलीकडून इंजिनाची शिट्टीसारखी कर्कश किणकिण ऐकू येईल, पण उजव्या बाजूच्या खिडकीतून बघाल तर पंखा ठार थांबलेला. घाबरू नका. जमिनीवर वीज आणि हवा पुरवणारं छोटं वेगळं इंजिन मोठ्या जेटच्या शेपटीत असतं, ते याला नाही, म्हणून उजवं इंजिनच चालू ठेवतात आणि पंख्याला ब्रेक लावतात. याला हॉटेल मोड म्हणतात. मग ब्रेक सुटतो, पाती एकेक करून दिसता दिसता धूसर होतात आणि सीटचा कणा हलायला लागतो, तो क्षण मी कधी मोबाइलमध्ये बघत घालवत नाही. पंख वर असल्याने खालचं सगळं मोकळं दिसतं, आणि पंखाच्या आसपास बसलात तर चाकं खाली येतानाही दिसतात. आवाज नको असेल तर मागची सीट घ्या, पंख्याच्या रेषेतली नको.

प्रश्न: जगातली सगळ्यात छोटी फ्लाइट खरंच दोन मिनिटांची आहे?

हो. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे, लोगनएअर चालवते, अंतर २.७ किलोमीटर. मोठ्या विमानतळांची धावपट्टी यापेक्षा लांब असते. वेळापत्रकात दोन मिनिटं, वारा अनुकूल असला तर त्याहून कमी, विक्रम ५३ सेकंदांचा. पायलट एकटाच असतो आणि शेजारची सीट प्रवाशाला मिळते. माझी अजून व्हायचीय, यादीत पहिली आहे.

प्रश्न: तासाभराच्या प्रवासाला चांगली एअरलाइन घ्यावी की स्वस्तातली?

स्वस्तातली, आणि त्यात कमीपणा काही नाही. तासाभरात तुम्ही खाणार काय आणि झोपणार काय. छोट्या फ्लाइटला मी एकच गोष्ट बघतो, वेळ पाळतात का, आणि ती ठरते विमान जमिनीवर किती वेळ घालवतं यावर. अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइनने १९७२ मध्ये चारातलं एक विमान विकलं आणि चार विमानांचं वेळापत्रक तिघांवर चालवलं, दहा मिनिटांत उतरवायचं, भरायचं, निघायचं. आजच्या सगळ्या स्वस्त एअरलाइन्स त्याच धड्यावर चालतात. रायनएअरच्या सीटला मागे कप्पा नसतो तोही त्यातलाच प्रकार, कप्पाच नाही तर कचरा कुठे कोंबणार आणि साफ कोण करणार.

धोका एवढाच की दिवसभर एकच विमान येरझाऱ्या घालतं, सकाळी अर्धा तास चुकला तर संध्याकाळपर्यंत तो तुंबत जातो. एकदा रात्रीच्या शेवटच्या फ्लाइटसाठी मी चार तास गेटवर बसलोय, नाव घेत नाही, पण तेव्हापासून पहाटेची पहिलीच घेतो.

प्रश्न: ट्रेन असताना या छोट्या फ्लाइट बंदच का करत नाहीत?

फ्रान्सने केल्या, २०२३ पासून, पण अडीच तासांत ट्रेनने जाता येतं अशाच मार्गांवर, आणि प्रत्यक्षात पॅरिसच्या ओर्लीहून तीनच मार्ग सापडले, बोर्दो, नांत आणि ल्यों. विमानप्रेमी असूनही मला ते मान्य आहे. बेटांचं, डोंगरांचं वेगळं.

प्रश्न: सारख्या छोट्या फेऱ्या मारून विमान लवकर म्हातारं होतं का?

होतं. विमानाचं वय नुसत्या वर्षांत मोजून भागत नाही, टेक-ऑफ लँडिंगच्या फेऱ्या मोजाव्या लागतात, कारण प्रत्येक फेरीत केबिनमध्ये हवेचा दाब भरतो, अंग फुग्यासारखं किंचित ताणतं आणि परत सैल होतं. १९८८ मध्ये हवाईच्या बेटांमधल्या ७३७ चं छप्परच हवेत उडालं, त्याच्या फेऱ्या झाल्या होत्या ८९,६८०. तपासणीचे नियम त्यानंतर खूप कडक झाले.

जपानने मात्र छोट्या अंतरासाठी चक्क ७४७ वापरलं. १९७३ मध्ये जपान एअरलाइन्सने घेतलेलं ७४७एसआर खास मजबूत केलेलं होतं, आणि नंतरच्या ७४७-४०० डी ला पंखांची वर वळलेली टोकं लावलीच नाहीत, तासाभराच्या उड्डाणात त्यांचा फायदा वजनाएवढाही निघत नाही म्हणून. पाचशेच्या वर माणसं घेऊन ते तासाभरात उतरायचं. २०१४ मध्ये शेवटचं गेलं आणि माझं त्यात एकदा तरी बसायचं राहूनच गेलं.