हात ना पाय, मग जंतू पेशीत शिरतो कसा?

प्रश्न : हिरड्यांतून रक्त येतं म्हणून दाखवायला गेले होते. दंतवैद्य म्हणाल्या, काही जंतू हिरडीच्या पेशींच्या आत जाऊन बसतात. पेशीला तर सगळीकडून आवरण असतं. ते भोक पाडून शिरतात का? आणि आतले जंतू माउथवॉशने मरतात का?

उत्तर : भोक वगैरे काही पाडत नाहीत. पेशीच त्यांना आत ओढून घेते!

ज्या जंतूबरोबर मी प्रयोगशाळेत बराच काळ काढला, त्याचंच उदाहरण देते : पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस. नाव लांबलचक आणि वास असा की डबी उघडली की शेजारच्या खोलीतले लोक दार लावून घ्यायचे. प्राणवायू त्याला सोसत नाही, म्हणून तो दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत खोल दडतो. रक्त घातलेल्या अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीसारख्या थरावर, त्याच्या वसाहती हळूहळू काळ्याकुट्ट होतात, कारण रक्तातलं लोहयुक्त हीम तो अंगावर साठवतो. तुमच्या हिरडीतलं रक्त म्हणजे त्याचं आयतं जेवण.

त्याच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात. ‘फिमए’ नावाच्या प्रथिनाचे असंख्य तुकडे एकापुढे एक जोडून ते बनतात. इकडे हिरडीच्या पेशीवर इंटिग्रिन नावाची प्रथिनं असतात. पेशीला भोवतालच्या जाळ्याशी बांधून ठेवायचं आणि काही धरलं की आत तसा निरोप द्यायचा, हे त्यांचं रोजचं काम. फिमए नेमकं यांनाच चिकटतं. निरोप जातो, पेशीतला ॲक्टिन या प्रथिनाच्या धाग्यांचा सांगाडा त्या जागी नव्याने रचला जातो, पेशीचं आवरण जंतूभोवती उचललं जातं आणि मिटतं. वीसेक मिनिटांत स्वारी आत! पेशी लगेच मरत नाही, जंतूही मरत नाही. तो केंद्रकाच्या आसपास मुक्काम ठोकतो.

हे तंतूंचंच काम, हे कशावरून? फिमएचं जनुक मोडलेले जंतू पेशीत फार कमी शिरतात. हे मोजायची पद्धत मला अजूनही आवडते. जंतू आणि पेशी काही वेळ एकत्र ठेवायच्या, मग पेशीत सहजी न शिरणारी प्रतिजैविकं घालून बाहेरचे सगळे जंतू मारायचे. नंतर पेशी फोडून आतलं अगारवर पसरायचं. जे उगवेल ते आत लपलेलं होतं.

दुसरा एक जंतू, फ्युसोबॅक्टेरियम न्यूक्लिएटम, वेगळं प्रथिन वापरतो : ‘फॅडए’. शेजारशेजारच्या पेशी ज्या ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात, त्यालाच हे जाऊन चिकटतं. 2012 साली मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या गाठींत हा जंतू मोठ्या प्रमाणात सापडला, तेव्हापासून त्याच्यावर संशोधकांचा डोळा आहे. हिरडीतून रक्त आलं म्हणजे कर्करोग होणार, असा अर्थ मात्र कृपया काढू नका.

आता माउथवॉश. तो फटीच्या तळापर्यंतही नीट पोचत नाही, पेशीच्या आत तर दूरच. हिरडीच्या वरच्या पेशी सतत गळून पडतात आणि त्यांच्याबरोबर आतले जंतूही जातात. पण फटीत कीटण साचलेलं असेल तर नव्या पेशींना नवे जंतू भेटतातच. म्हणून ते दंतवैद्यांकडून खोलवर काढून घ्या. प्रतिजैविक त्यांनी दिलं तरच. आणि रक्त येतं म्हणून तेवढी जागा सोडून ब्रश करत असाल, तर तसं करू नका. मऊ ब्रश हिरडीच्या कडेला तिरपा धरून हलक्या हाताने तिथेच घासा.