सत्तरीतले आई-बाबा, मसाई मारा आणि तंबू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टात केनिया, तीन रात्री मसाई मारा अभयारण्यात, बरोबर सत्तरीतले आई-बाबा आणि नऊ वर्षांची मुलगी. टूरवाला टेंटेड कॅम्प सुचवतोय, घरचे म्हणतायत की सिंहांच्या गावात कापडाच्या भिंती कशाला, पक्कं लॉज बघ.

मी नोकरीमुळे चार वर्षं नैरोबीत होतो. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मारा दाखवायचं काम माझ्याकडेच, त्यामुळे बरेच कॅम्प पाहून झालेत. तंबूच घ्या. फक्त बाथटबचे फोटो बघून ठरवू नका.

'तंबू' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ट्रेकचा तंबू येतो, तिथून घोळ सुरू होतो. इथे लाकडी किंवा सिमेंटच्या चौथऱ्यावर जाड कॅनव्हासची खोली असते. आत पलंग, मागच्या बाजूला जोडून कमोड आणि शॉवर. रात्री बाथरूमसाठी बाहेर पडावं लागत नाही, हे आईंना आधी सांगा, अर्धा विरोध तिथेच मावळेल. खरी अडचण वेगळी आहे. बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं आणि अंधार पडल्यावर एकट्याने फिरायचं नाही हा नियम. जेवायला जाता-येता टॉर्च दाखवून रखवालदाराला बोलवायचं, त्याला तिथे अस्करी म्हणतात. शेवटचा तंबू जेवणाच्या जागेपासून दोन-अडीचशे मीटरवर असू शकतो आणि वाट दगडधोंड्यांची. माझ्या बाबांचे गुडघे त्या वाटेनेच दुखले, प्राण्यांनी काही केलं नाही. म्हणून बुकिंग करतानाच लेखी मागून घ्या: जेवणाच्या तंबूजवळचा तंबू, कमी पायऱ्या, मुलीचा पलंग तुमच्याच तंबूत.

आता भीतीचं. तालेक नदीकाठच्या एका कॅम्पात रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली ती कचकच आवाजाने. कोणीतरी मुठी भरभरून गवत उपटतंय असा आवाज, तोही उशीपासून हातभर अंतरावर, मध्ये फक्त कापड. पाणघोडा. दिवसभर पाण्यात पडून असतात, रात्री चरायला वर येतात. मधूनच त्याचा फुस्स करून श्वास, मग पुन्हा कचकच. आई पलीकडच्या पलंगावरून कुजबुजली, "गाय आहे का रे?" मी हो म्हटलं. ती झोपली, मी काही झोपलो नाही. पण पंधरा-वीस मिनिटांनी तो निघून गेला. तंबूची चेन बंद असेल तर प्राण्याच्या लेखी ती एक बंद वस्तू असते. चेन उघडी आणि आत खाऊ, हे मात्र नको. आमचा चिवड्याचा डबा भरदुपारी माकडांनी पळवला, चूक सर्वस्वी आमची. खाऊ स्वयंपाकघरात ठेवायला द्या.

जागा कुठली? अभयारण्याच्या आत, सेकेनानी किंवा तालेक गेटबाहेर, आणि लगतच्या मसाई लोकांच्या जमिनीवरच्या कॉन्झर्व्हन्सी (म्हणजे वन्यप्राण्यांसाठी राखलेली खासगी क्षेत्रं), असे तीन पर्याय. गेटबाहेर स्वस्त पडतं, पण रोजचा वेळ गेटवर जातो. नाबोइशोसारख्या कॉन्झर्व्हन्सीत गाड्या कमी आणि रात्रीची सफारीही करता येते, जी अभयारण्यात करता येत नाही. पण लहान मुलांसाठी वयाची अट असू शकते, आधी विचारा. आणि पॅकेजमध्ये प्रवेशशुल्क धरलंय का, हे तर नक्कीच विचारा. जुलै ते डिसेंबर परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर पडतात, जानेवारी ते जूनमध्ये 100. स्वस्त कोटेशनमध्ये नेमकी हीच ओळ गाळलेली असते.

बुकिंगच्याही आधी करायचं काम म्हणजे यलो फीव्हरची लस. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. परतताना कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. साठीपुढच्यांना ही लस देताना डॉक्टर जास्त सावध असतात, तेव्हा आई-बाबांच्या डॉक्टरांशी आत्ताच बोला. त्यांचा नकार आला तर सगळा बेतच बदलेल. मलेरियाच्या गोळ्यांचंही तेव्हाच विचारून घ्या.

नैरोबीहून गाडीने पाच-सहा तास लागतात. निदान एक बाजू विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने करा. सामान माणशी 15 किलो, तेही मऊ बॅगेत, चाकांची कडक बॅग नको. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर केनियात 2017 पासून बंदी आहे, थेपले-लाडू डब्यांतच भरा. लष्करी छापाचे कपडेही चालत नाहीत.

स्वेटर न्याच. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे, उघड्या गाडीत पहाटे दात वाजतात. रात्री पांघरुणात गरम पाण्याची पिशवी ठेवून जातात, तेही आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पायाला काहीतरी ऊबदार लागलं की किंकाळी ठरलेली.

शाकाहाराची काळजी नको, चपाती आणि चहा हे शब्दच स्वाहिलीत आहेत. पहाटे साडेपाचला चहा घेऊन येणारा बाहेरून "जांबो" म्हणेल. ठोठवायला दार नसतं, त्यामुळे आतून ओ द्या, नाहीतर तो थंडीत ट्रे घेऊन तसाच उभा राहतो.