नागपुरात घरासाठी महावितरण सोडून स्वस्त वीज कंपनी निवडता येते का? मे महिन्यात युनिट दीडपट, बिल दुप्पट!

नाही, इथे घरगुती वीज महावितरणचीच. मुंबई उपनगरासारखा टाटा की अदानी हा पर्याय नाही. बिल फुगतं ते महिन्याच्या युनिटांच्या टप्प्यांमुळे: 0-100, 101-300, 301-500 आणि 500 च्या वर. दिवसरात्र कूलर-एसी चालून 300 ओलांडले की पुढची युनिटं महाग लागतात. आधीची 300 मात्र आपापल्या टप्प्याच्याच दराने, हे नीट लक्षात घ्या. बिलांची तुलना करताना नुसता वीज आकार (वापरलेल्या युनिटांची किंमत) बघून फसायला होतं. प्रत्येक युनिटवर वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि लागू असेल तेव्हा इंधन समायोजन (इंधन खर्चातल्या फरकाचं), शिवाय दरमहा ठरलेला स्थिर आकार, वर 16% वीज शुल्क. बिलावर हे सगळं वेगवेगळं छापलेलं असतं, तिथूनच बेरीज करा. फक्त रीडिंग किती दिवसांचं आहे ते आधी तपासा.